स्तनाच्या निरोगी आणि साध्या गाठींच्या ऊतीत हार्मोन बनवणाऱ्या पेशी: खऱ्या कोणत्या, भास कोणता?

काचपट्टी

स्तनाच्या ज्या ब्लॉकमध्ये (मेणात बसवलेल्या ऊतीच्या तुकड्यात) कर्करोग नाही, म्हणजे फायब्रोॲडिनोमा, पॅपिलोमा, नलिकेतली साधी पेशीवाढ किंवा नुसते निरोगी लोब्यूल (दूधग्रंथीचे झुपके), त्यावर क्रोमोग्रॅनिनचा डाग (अंतःस्रावी, म्हणजे हार्मोन बनवणाऱ्या पेशींच्या कणांतलं प्रथिन दाखवणारा) लावला की क्वचित एखादी पेशी तपकिरी उमटते. आजूबाजूला सगळ्या निळ्या आणि मधेच ही एक. मग लॅबमध्ये चर्चा सुरू होते: ही अंतःस्रावी पेशी आहे का? स्तनात ती मुळात असते का? रिपोर्टात लिहायची का?

माझं मत आधीच मांडते. ती पेशी खरी आहे हे सिद्ध करायचं ओझं बघणाऱ्यावर असतं. आणि ती खरी निघाली तरी तिच्यामुळे साध्या गाठीचं निदान बदलत नाही.

हा वाद जुना आहे. ऑस्ट्रियाच्या फायर्टर यांनी १९३८ मध्ये शरीरभर विखुरलेल्या 'फिकट पेशीं'ची कल्पना मांडली. एखाद्या ग्रंथीत गोळा न होता आतड्यात, श्वासनलिकेत, इथेतिथे एकेकट्या बसलेल्या अंतःस्रावी पेशी, असा तो विचार. त्यांनीच हार्टमान यांच्यासोबत १९६३ मध्ये स्तनाच्या काही कर्करोगांची ठेवण आतड्यातल्या कार्सिनॉइडसारखी (अंतःस्रावी पेशींच्या गाठीसारखी) असल्याचं लिहिलं. १९७७ मध्ये क्युबिला आणि वुड्रफ यांनी स्तनातल्या कार्सिनॉइडचं वर्णन केलं. मग साहजिकच विचारलं गेलं की गाठीत अशा पेशी असतील तर त्यांची आई निरोगी स्तनात कुठे आहे? १९८५ मध्ये इटलीच्या बुसोलाती यांच्या गटाने क्रोमोग्रॅनिन उमटणाऱ्या पेशी अशा कर्करोगांत तर दाखवल्याच, शिवाय स्तनाच्या सर्वसाधारण ऊतीतही दाखवल्या. दहा वर्षांनी इटलीतल्याच दुसऱ्या गटाने गर्भाच्या आणि प्रौढ स्तनात शोध घेऊन अशा पेशी नाहीत असं मांडलं. दोन्ही कामं अनुभवी लोकांची आहेत. म्हणून 'पुस्तकात आहे' किंवा 'पुस्तकात नाही' म्हणून हात झटकता येत नाहीत, समोरच्या स्लाइडवरच ठरवावं लागतं.

मी ज्या पेशीला मान देईन तिची ठेवण अशी. दुग्धनलिकेचं अस्तर दुपदरी असतं: आत पोकळीकडे ल्युमिनल पेशी, बाहेर मायोएपिथेलियल पेशी. ही या दोन पदरांच्या बेचक्यात असते, शेजारणींसारखी उंच उभी नसते. ४० च्या लेन्सखाली सूक्ष्म फिरकी हलवत राहिलं की तपकिरी रंग सपाट पसरलेला नसून रवाळ आहे हे कळतं, कपाच्या तळाशी उरलेल्या कॉफीच्या गाळासारखा. हा गाळ बहुधा केंद्रकाच्या तळपडद्याकडच्या (नलिकेला बाहेरून वेढणाऱ्या पातळ पडद्याकडच्या) बाजूला साचलेला असतो आणि केंद्रक निळं, स्वच्छ राहतं. यातलं काहीच न दिसता नुसता तपकिरी ठिपका असेल तर मी पुढे जाते.

तंत्राच्या बाजूने अनुभवी मंडळींनी लिहावं, विशेषतः कुठे फसायला होतं ते.

---

चारमायक्रॉन

काचपट्टी मॅडम, तंत्राची बाजू मी घेतो. या पेशी इतक्या तुरळक असतात की फिक्सेशन (ऊत फॉर्मॅलिनमध्ये टिकवणं) बिघडलं तर 'नाहीत' हा निष्कर्षही खोटा आणि 'आहेत' हाही खोटा.

फॉर्मॅलिन न्यूट्रल बफर्डच हवं. एक लिटरला: ३७ ते ४० टक्क्यांचं फॉर्माल्डिहाइड १०० मिली, पाणी ९०० मिली, मोनोबेसिक सोडियम फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम, निर्जल डायबेसिक सोडियम फॉस्फेट ६.५ ग्रॅम. पीएच ७ च्या जवळ. बफर न घालता नुसतं पातळ केलेलं फॉर्मॅलिन आम्लधर्मी होत जातं आणि रक्ताळ ऊतीत काळपट-तपकिरी फॉर्मॅलिन पिगमेंट सोडतं. ते दाणेदार असतं, आणि आपण शोधतोय तेही दाणेदार. पिकरिक ॲसिडच्या संपृक्त अल्कोहोल द्रावणात सेक्शन (ब्लॉकचा पातळ काप) ठेवलं की हे पिगमेंट निघून जातं, डॅबचा (अँटिबॉडी चिकटते तिथे उमटणाऱ्या रंगद्रव्याचा) तपकिरी रंग जात नाही. शंका आली तर रंग न लावलेलं एक सेक्शन तसंच माउंट करून बघा. त्यावरही दाणे असतील तर अँटिबॉडीचा काही संबंध नाही.

गाठ काढल्यापासून तासाच्या आत फॉर्मॅलिनमध्ये, तीही आधी ५ मिमीच्या चकत्या करून. फॉर्मॅलिन ऊतीच्या किमान दहापट. फिक्सेशन ६ ते ७२ तास. स्तनात चरबी भरपूर, तिच्यातून फॉर्मॅलिन हळू आत जातं. अख्खी गाठ अरुंद तोंडाच्या बरणीत कोंबून तालुक्याहून शहरात आली तर कडा शिजल्यासारखी आणि मधला भाग कच्चा, असा ब्लॉक हाती येतो. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये ४० अंशांच्या वर पारा असतो, त्यात ती बरणी दिवसभर गाडीत राहिली तर मधला भाग सडायला लागलेला असतो. अशा मधल्या भागात क्रोमोग्रॅनिन धूसर पसरतं. तिथे पेशी मोजायच्याच नाहीत.

पुढचं थोडक्यात:

सेक्शन ३ ते ४ मायक्रॉन, चार्ज्ड स्लाइडवर, ६० अंशांवर तासभर. चरबीचे भाग उचलले जातात म्हणून हा तास वाचवू नका.

रिट्रीव्हल (फॉर्मॅलिनने झाकलं गेलेलं अँटिजेन उष्णतेने उघडं करणं) ट्रिस-ईडीटीए पीएच ९ मध्ये: एक लिटरला ट्रिस बेस १.२१ ग्रॅम, डायसोडियम ईडीटीए ०.३७ ग्रॅम, ट्वीन-२० अर्धा मिली. ९५ ते ९८ अंशांवर २० मिनिटं, मग त्याच भांड्यात २० मिनिटं निवू द्यायचं. गरम स्लाइड थेट गार पाण्यात घातली की स्तनाचं सेक्शन सुरकुततं, आणि सुरकुतीत अडकलेला रंग नंतर सगळ्यांना छळतो.

३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड १० मिनिटं. प्राथमिक अँटिबॉडी किटवर लिहिलेल्या प्रमाणात, पण स्वतःच्या कंट्रोलवर (निकाल आधीच माहीत असलेल्या ऊतीवर) दोन-तीन पातळ्या करून पक्की केलेली. शोध पॉलिमर पद्धतीचा. डॅब ५ मिनिटं. हिमॅटॉक्सिलिन हलकं, नाहीतर बारीक तपकिरी दाणे निळ्याखाली बुडतात.

कंट्रोल म्हणून अपेंडिक्स उत्तम, आणि तो त्याच स्लाइडच्या दुसऱ्या टोकाला लावायचा. क्रोमोग्रॅनिन असेल तर म्यूकोसातल्या अंतःस्रावी पेशी ठळक यायला हव्यात आणि गँग्लियन पेशींत हलका ते मध्यम रंग यायला हवा. फक्त ठळक पेशी आल्या, गँग्लियन कोऱ्या राहिल्या, तर अँटिबॉडी कमी पडली आहे. स्तनातल्या कमी दाण्यांच्या पेशी मग दिसणारच नाहीत. नुसता स्वादुपिंडाचा कंट्रोल लावणारे इथे फसतात. लँगरहान्सच्या बेटांत क्रोमोग्रॅनिन इतकं असतं की अर्धमेली अँटिबॉडीसुद्धा तिथे झळाळते.

---

रांगोळी

मी या क्षेत्रातली नाही. फायब्रोॲडिनोमाच्या किंवा साध्या गाठीच्या रिपोर्टात 'ईआर पॉझिटिव्ह' लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ गाठ हार्मोन तयार करते असा आहे का? धाग्याचं शीर्षक वाचून तसंच वाटलं.

---

ऊतकवेध

रांगोळी ताई, प्रश्न विचारलात ते फार चांगलं केलंत, ही गल्लत सर्रास होते. ईआर म्हणजे इस्ट्रोजेनचा रिसेप्टर. ज्या पेशीत तो आहे ती पेशी हार्मोन ऐकते, बनवत नाही. रेडिओ आणि आकाशवाणी केंद्र यात जेवढा फरक, तेवढाच इथे. इस्ट्रोजेन तयार होतं मुख्यतः अंडाशयात, रक्तातून स्तनात येतं, आणि ईआर असलेली पेशी ते टिपते.

निरोगी स्तनात सगळ्या पेशींत ईआर नसतो. ल्युमिनल पेशींपैकी काहींतच असतो, तोही विखुरलेला: एक तपकिरी, चार निळ्या, पुन्हा एक तपकिरी. मायोएपिथेलियल पेशीत नसतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे निरोगी स्तनात जी पेशी ईआर दाखवते ती सहसा स्वतः विभाजित होत नाही. ती इस्ट्रोजेन ऐकते आणि ॲम्फिरेग्युलिनसारखे निरोप सोडून शेजारणीला वाढायला सांगते. प्रोजेस्टेरॉनचंही तसंच, तिथे निरोप रँक-लिगँडचा. म्हणून दुहेरी डागात ईआर आणि केआय-६७ (पेशीविभाजनाची खूण) एकाच केंद्रकात सापडणं निरोगी ऊतीत दुर्मीळ, आणि कर्करोगात ते नेहमीचं.

तेव्हा साध्या गाठीत ईआर पॉझिटिव्ह असणं हे निरोगीपणाचंच लक्षण. एवढंच नाही, कर्करोगाच्या ब्लॉकमध्ये शेजारची निरोगी नलिका हाच ईआर तपासणीचा आतला कंट्रोल असतो. गाठ निगेटिव्ह आली आणि त्याच सेक्शनमधली निरोगी नलिकाही पूर्ण कोरी राहिली, तर तो निकाल निगेटिव्ह नाही, ती तपासणी फसली आहे. ती पुन्हा लावायला सांगायचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे.

अपवाद लक्षात ठेवा: ॲपोक्राइन (घामग्रंथीसारख्या) झालेल्या पेशी ईआरला कोऱ्याच असतात, त्यांच्यात अँड्रोजेनचा रिसेप्टर असतो. तेवढ्याच नलिका सेक्शनमध्ये असतील तर त्यांना कंट्रोल धरू नका.

---

रांगोळी

धन्यवाद डॉक्टर, रेडिओच्या उदाहरणाने कळलं.

---

चांदीकाम

आयएचसीच्या (अँटिबॉडीच्या डागांच्या) आधी हे सगळं चांदीवर चालायचं आणि अजूनही काही ठिकाणी ग्रिमेलियस लावतात. स्वीडनच्या ग्रिमेलियस यांनी १९६८ मध्ये तो स्वादुपिंडातल्या पेशींसाठी दिला. कृती:

अ‍ॅसिटेट बफर ०.२ मोलर, पीएच ५.६: १० मिली. डिआयनाइज्ड पाणी ८७ मिली. १ टक्का सिल्व्हर नायट्रेट ३ मिली. म्हणजे चांदी फक्त ०.०३ टक्के. यात सेक्शन ६० अंशांवर ३ तास. बाहेर काढून धुवायचं नाही, नुसतं निथळायचं, आणि लगेच रिड्यूसरमध्ये: हायड्रोक्विनोन १ ग्रॅम, सोडियम सल्फाइट ५ ग्रॅम, पाणी १०० मिली, त्याच दिवशी बनवलेलं, ४५ अंशांवर साधारण १ मिनिट. सेक्शन पिवळं पडतं, पेशींतले कण तपकिरी-काळे. फिकं आलं तर धुऊन पुन्हा चांदीत ५ ते १० मिनिटं आणि पुन्हा रिड्यूसर. शेवटी न्यूक्लिअर फास्ट रेड.

बिघडतं ते बहुतेक वेळा पाण्यामुळे. बोअरचं पाणी जड असतं, नळाच्या पाण्यात क्लोराइड असतं. काचेच्या भांड्याला त्याचा अंश राहिला तरी चांदीचा क्लोराइड होऊन पांढुरकी साय येते आणि सेक्शनभर काळा भुगा पसरतो. भांडी शेवटी डिआयनाइज्ड पाण्यानेच विसळा. लोखंडी चिमटा द्रावणात घालू नका, प्लॅस्टिकचा वापरा.

पण स्तनात या रंगाचा खरा घोटाळा वेगळाच आहे. चांदी धरणारी पेशी म्हणजे अंतःस्रावी पेशी हे समीकरण आतड्यात बऱ्यापैकी चालतं, स्तनात चालत नाही. दूध बनवू लागलेल्या पेशींत अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन असतं आणि तेही चांदी धरतं. चांदी धरणाऱ्या स्तनाच्या गाठींचा संबंध दूध बनवण्याच्या गुणाशी आहे, हे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच दाखवून दिलं गेलं. गरोदर किंवा स्तनपान देणाऱ्या बाईच्या ऊतीत, आणि एरवीही कधीकधी एकाच लोब्यूलमध्ये दूध उतरल्यासारखा बदल दिसतो तिथे, ग्रिमेलियस पॉझिटिव्ह आला म्हणून 'न्यूरोएंडोक्राइन' लिहिणं ही चूक आहे. आज चांदीच्या डागावर एकट्याने निर्णय देऊ नये.

---

निवासी_तिसरं_वर्ष

सर, मॅडम, दोन शंका. एक, सीडी५६ आणि एनएसई हे आणखी दोन मार्कर लावून खात्री होते का? दोन, ॲपोक्राइन बदल असलेल्या सिस्टमध्ये सिनॅप्टोफिझिन पेशीभर तपकिरी दिसतं, ते खरं मानायचं का?

---

ऊतकवेध

पहिल्याचं उत्तर नाही. एनएसई नावाने 'न्यूरॉन'चं आहे, पण ते कुठेही उमटतं. सीडी५६ मज्जातंतूत आणि एनके पेशींत असतंच, अंतःस्रावी नसलेल्या कितीतरी गाठींतही येतं. क्रोमोग्रॅनिन म्हणजे दाट गाभ्याच्या कणांतलं प्रथिन. सिनॅप्टोफिझिन म्हणजे बारीक पुटिकांच्या पडद्यातलं. कण कमी असलेल्या पेशीत क्रोमोग्रॅनिन हुलकावणी देतं आणि सिनॅप्टोफिझिन येतं, म्हणून दोन्ही लावावीत. आयएनएसएम१ हे आणखी एक अंतःस्रावी मार्कर केंद्रकात उमटतं, त्यामुळे पार्श्वभूमीच्या तपकिरी धुक्याचा त्रास नाही. हाताशी असेल तर तिसरं तेच लावा.

दुसऱ्याचं: बहुतेक वेळा मानायचं नाही. ॲपोक्राइन पेशी मायटोकाँड्रियांनी ठासून भरलेली असते, म्हणून तर एचई या नेहमीच्या डागात ती इतकी गुलाबी. मायटोकाँड्रियांत पेशीचं स्वतःचं बायोटिन असतं आणि रिट्रीव्हलच्या उष्णतेने ते उघडं पडतं. तुमची शोधपद्धत अविडिन-बायोटिनची असेल तर ती अँटिबॉडी सोडून हे बायोटिनच पकडते. प्राथमिक अँटिबॉडीऐवजी त्याच प्रमाणात साधं आयजीजी (कशाशीही नेमकी न जुळणारी अँटिबॉडी) लावलेली जोडस्लाइड बघा. तीही तपकिरी आली तर निकाल लागला. पॉलिमर पद्धतीवर जा, नाहीतर बायोटिन ब्लॉक करा.

---

चारमायक्रॉन

निवासी, आणखी काही फसवे दाखले लक्षात ठेवा.

मज्जातंतूच्या बारीक काड्या सिनॅप्टोफिझिनने तपकिरी येतात आणि लोब्यूलला खेटून असतात. तळपडद्याच्या बाहेर आहे की आत, हे पी६३ (मायोएपिथेलियल केंद्रकांची खूण) सोबत दुहेरी डाग लावला की स्पष्ट होतं: पी६३ ची लाल केंद्रकं ही कुंपणाची रांग, तपकिरी पेशी कुंपणाच्या आत हवी.

मास्ट पेशी स्तनाच्या स्ट्रोमात असतात, कधी अस्तरातही घुसतात, आणि अँटिबॉडीला उगाच चिकटतात. टोल्युइडिन ब्ल्यूने जांभळ्या झाल्या तर मास्ट.

इओसिनोफिल पेरॉक्साइडला दाद देत नाहीत आणि डॅबने थेट तपकिरी होतात.

जुन्या रक्तस्रावाचं हिमोसायडरिन पॅपिलोमात हटकून असतं. पर्ल्स लावा, निळं आलं की लोह.

डॅबचा गाळ पेशीच्या पातळीत नसतो, वर तरंगतो. फिरकी हलवली की पेशी धूसर होते तेव्हा तो स्पष्ट होतो.

---

काचपट्टी

चारमायक्रॉन, पी६३ चं कुंपण ही माझ्या दृष्टीने सगळ्यात कामाची गोष्ट.

आता जिथे ही पेशी खरोखर महत्त्वाची ठरते त्याकडे येते. एकटी-दुकटी पेशी सोडा. पॅपिलोमासारखी दिसणारी गाठ आहे, पण नलिका पेशींनी गच्च भरली आहे, मधले रक्तवाहिन्यांचे दांडे दाबले जाऊन दिसेनासे झाले आहेत, पेशी एकसारख्या, काही लांबट, केंद्रकात मीठ-मिरी भुरभुरल्यासारखं क्रोमॅटिन, अधूनमधून म्यूकस. घाईत बघणारा याला 'साधी नलिकावाढ' म्हणून सोडतो, कारण पेशी सौम्य चेहऱ्याच्या असतात आणि लांबट पेशी साध्या वाढीतही असतात. ही सॉलिड पॅपिलरी कार्सिनोमा किंवा अंतःस्रावी ढंगाची डीसीआयएस (नलिकेच्या आतच असलेला कर्करोग) असू शकते. स्तनाग्रातून रक्ताळ स्राव हे अशा गाठींचं एक नेहमीचं निमित्त असतं.

इथे तीन डाग एकत्र वाचायचे. सीके५/६ (पेशीतलं एक केराटिन) साध्या वाढीत चट्ट्यापट्ट्यांनी येतं, इथे वाढलेल्या पेशींत येत नाही. ईआर साध्या वाढीत कमी-जास्त, इथे एकजात ठळक. सिनॅप्टोफिझिन किंवा क्रोमोग्रॅनिन साध्या वाढीत पत्रा पसरल्यासारखं कधी येत नाही, इथे बऱ्याचदा येतं. तिन्ही एका दिशेला बोट दाखवत असतील तर साधी गाठ म्हणू नका. मात्र सिनॅप्टोफिझिन कोरं आलं म्हणून या निदानातून सुटकाही नाही, पहिले दोन डाग तरीही वाचावे लागतात.

स्पष्ट साध्या गाठीवर 'बघू तरी' म्हणून क्रोमोग्रॅनिन लावू नये असं माझं ठाम मत आहे. पैसे रुग्णाचे जातात आणि हाती गोंधळ येतो.

---

दुधाचं_विज्ञान

शीर्षकात 'हार्मोन बनवणाऱ्या पेशी' आहे आणि चर्चा फक्त क्रोमोग्रॅनिनवाल्या पेशींची चालली आहे. स्तनात हार्मोन बनवणाऱ्या इतर पेशी निर्विवाद आहेत, फक्त त्या 'न्यूरोएंडोक्राइन' पोशाखात नसतात म्हणून या डागांना दिसत नाहीत.

पहिली, दूध बनवणारी अल्व्हिओलर पेशी. ती पीटीएचआरपी (पॅराथायरॉइड हार्मोनसारखं प्रथिन) सोडते. हे प्रथिन १९८७ मध्ये कर्करोगातल्या वाढलेल्या कॅल्शियमचा शोध घेताना हाती लागलं, पण त्याचं एक रोजचं काम निरोगी स्तनात आहे. दुधासाठी कॅल्शियम लागतं, म्हणून स्तनातून निघालेलं पीटीएचआरपी आईच्या हाडांना कॅल्शियम सोडायला लावतं. पेशीला कॅल्शियम पुरेसं मिळतंय की नाही हे तिच्यावरचा कॅल्शियम-संवेदक रिसेप्टर सांगतो, आणि त्यानुसार पीटीएचआरपी कमी-जास्त होतं. बाळाचं अंगावरचं पिणं सुटलं की हाडं पुन्हा भरून येतात. दुधात त्याचं प्रमाण निरोगी माणसाच्या रक्तातल्यापेक्षा हजारपटींनी जास्त असतं. फार क्वचित गरोदरपणात स्तन अवाढव्य वाढतात आणि रक्तातलं कॅल्शियम चढतं, ते याच कारणाने. तिथे कर्करोग नसतो.

दुसरं, सेरोटोनिन. स्तनाच्या अस्तरातल्या पेशींत ते बनवणारं टीपीएच१ हे एन्झाइम असतं. दूध बाहेर न निघता साठून राहिलं की स्थानिक सेरोटोनिन वाढतं आणि दूध बनवणं मंदावायला सांगतं. 'पाजत राहा म्हणजे दूध येत राहील' या आज्जीच्या सांगण्यामागे हाही एक धागा आहे. इथे एक विचारण्यासारखं आहे: सेरोटोनिनच्या अँटिबॉडीने स्तनात रंग आला तर ती आतड्यासारखी अंतःस्रावी पेशी, असं म्हणायचं का? माझ्या मते नाही, कारण साधी ल्युमिनल पेशीच ते बनवते.

तिसरी, चरबीच्या आसपासच्या तंतुपेशी. त्यांच्यातलं अरोमॅटेज हे एन्झाइम अँड्रोस्टेनडायोनपासून इस्ट्रोन आणि टेस्टोस्टेरॉनपासून इस्ट्राडायोल तयार करतं. पाळी गेल्यावर अंडाशय थांबतात, पण स्तनाच्या ऊतीतलं इस्ट्राडायोल रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट जास्त राहतं, त्यात या पेशींचा मोठा वाटा. लेट्रोझोल आणि ॲनास्ट्रोझोल या गोळ्या नेमकं हेच एन्झाइम अडवतात. चरबीपेशी स्वतः लेप्टिन आणि ॲडिपोनेक्टिन बनवतात ते वेगळंच.

म्हणजे ऊतकवेध डॉक्टरांनी म्हटलं तसं रेडिओ वेगळा, केंद्र वेगळं, पण स्तनात छोटी स्थानिक केंद्रंही आहेत, आणि त्यांतलं एक थेट चरबीत आहे.

---

ऊतकवेध

हा प्रतिसाद फार मोलाचा. अरोमॅटेजची अँटिबॉडी पॅराफिन सेक्शनवर भरवशाची नाही, म्हणून रोजच्या रिपोर्टिंगमध्ये ती नसते, एवढीच भर.

काचपट्टी मॅडमशी एका बाबतीत मतभेद. खरी ठरलेली सुटी पेशी रिपोर्टाच्या सूक्ष्मदर्शी वर्णनात एका ओळीने नोंदवावी. उद्या त्याच जागी दुसरी गाठ आली तर ब्लॉक तुलनेला काढता येतो.

---

काचपट्टी

वर्णनात असेल तर हरकत नाही, पण निदानाच्या ओळीत मुळीच नको. सर्जन आणि नातेवाईक फक्त निदानाची ओळ वाचतात. तिथे 'न्यूरोएंडोक्राइन' हा शब्द आला की सरळ पेट-स्कॅनची चिठ्ठी निघते.

शिवाय गाठीसाठीसुद्धा या शब्दाची व्याख्या बदलत आली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या वर्गीकरणात निम्म्याहून जास्त पेशींत मार्कर लागायचा. २०१२ मध्ये ती अट गेली. २०१९ पासून मार्करच्या आधी पेशींची ठेवण अंतःस्रावी असावी लागते, तीही ९० टक्क्यांहून जास्त भागात, आणि सॉलिड पॅपिलरी व पेशीबहुल म्यूसिनस या गाठी आपापल्या नावाने वेगळ्या राहतात. कर्करोगालाही नुसत्या मार्करवर हे नाव मिळत नाही, मग फायब्रोॲडिनोमातल्या एका पेशीवरून ते का द्यायचं?

---

ऊतकवेध

निदानाच्या ओळीत नको, मान्य. माझी वर्णनातली ओळ साधारण या आशयाची असते: 'अस्तरात तुरळक, सुट्या क्रोमोग्रॅनिन-पॉझिटिव्ह पेशी, पुंजके नाहीत, पेशीवाढ नाही, निदानावर परिणाम नाही.'

---

रांगोळी

अशी ओळ कोणाच्या रिपोर्टात आली तर रक्तातली क्रोमोग्रॅनिन तपासणी करून घ्यावी का? इंटरनेटवर तसं सुचवलेलं दिसतं.

---

ऊतकवेध

नाही. चार सुट्या पेशींनी रक्तातला आकडा हलत नाही. उलट तो आकडा भलत्याच कारणांनी वाढतो. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल या ॲसिडिटीच्या गोळ्या चालू असतील तर तो हमखास वर जातो. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा जठराचं अस्तर झिजलेलं असेल तरी जातो. आपल्याकडे या गोळ्या किती घरांत रोज सकाळी घेतल्या जातात ते वेगळं सांगायला नको. इतर सबळ कारणाने ही तपासणी करायचीच असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी निदान दोन आठवडे आधी थांबवावी लागते.

वेगळी गोष्ट एकच: स्तनात खरोखरची न्यूरोएंडोक्राइन गाठ निघाली, आसपास डीसीआयएस नाही, ईआर आणि गाटा३ (स्तनाच्या पेशींची एक खूण) दोन्ही कोरे, तर ती दुसरीकडून आलेली असू शकते. तेव्हा आतड्यासाठी सीडीएक्स२ आणि फुप्फुसासाठी टीटीएफ१ बघतात. साध्या गाठीच्या रिपोर्टाशी याचा संबंध नाही.

---

निवासी_तिसरं_वर्ष

शेवटची शंका. पेशी एकदा दिसली, दुसरा डाग लावायला ब्लॉक पुन्हा कापला तर ती नाहीशी. असं वारंवार होतं. उपाय?

---

चारमायक्रॉन

पेशी साधारण १० मायक्रॉनची, सेक्शन ३ ते ४ मायक्रॉनचं. म्हणजे एक पेशी सलग दोन-तीन, फार तर चार सेक्शनमध्ये येते. ब्लॉक मायक्रोटोमवर पुन्हा चढवून समतल करतानाच ३० ते ५० मायक्रॉन सहज जातात, तुमची पेशी त्या कचऱ्यात गेलेली असते.

म्हणून पहिल्याच कापणीत सलग ८ सेक्शन घ्या आणि स्लाइडवर पेन्सिलने १ ते ८ क्रमांक घाला. १ ला एचई. ३ ला क्रोमोग्रॅनिन, ४ ला सिनॅप्टोफिझिन, ५ ला पी६३ आणि क्रोमोग्रॅनिनचा दुहेरी डाग, ६ ला आयजीजीची जोडस्लाइड. २, ७ आणि ८ राखीव. ३, ४ आणि ५ यांपैकी लगतच्या दोन सेक्शनमध्ये त्याच नलिकेच्या त्याच कोपऱ्यात रंग आला आणि ६ कोरी राहिली, तर ती पेशी. एकाच सेक्शनमध्ये आला आणि लगतच्या दोन्हींत नाही, तर मोजू नका.

राखीव स्लाइड बंद डबीत ४ अंशांवर ठेवा आणि काही आठवड्यांत वापरून टाका. उघड्यावर पडलेल्या सेक्शनमधलं अँटिजेन हळूहळू मरतं, मग राखीव ठेवून काही उपयोग नाही. डबीवर कापल्याची तारीख लिहा.